एक्कावन्न पॉइंट दोन

महानंदा यायच्या आदल्या रविवारी बसवंतनं बॅटरीच्या पेटीवरून आधी ओला फडका फिरवला, मग कोरडा, आणि मग प्लास्टिकचं स्टूल ओढून पेटीसमोर बसला तो जेवायच्या वेळेपर्यंत उठला नाही. पेटी त्यानं घरीच बनवली होती. जाडजूड पुस्तकाएवढे सोळा लिथियमचे सेल, तांब्याच्या पट्ट्यांनी एकाला एक जोडलेले, भोवती ॲल्युमिनियमची चौकट आणि गच्चीवर चार सोलर पॅनेल. सगळं जोडून झालं होतं, दोनदा तपासून झालं होतं. राहिले होते फक्त दोन आकडे. किती व्होल्ट झाले की बॅटरीनं भरून घेणं थांबवायचं आणि किती व्होल्टवर उतरली की घराला देणं थांबवायचं, एवढं इन्व्हर्टरला सांगायचं होतं.

यात सबंध सकाळ घालवण्यासारखं काय आहे, असं तुम्हीआम्ही म्हणू. श्वेताही तेच म्हणाली होती. श्वेता मूळची नागपूरची, बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये राहणारी, दिवसभर सर्किटं काढणारी बाई. लिथियमच्या वेडापायीच दोघांची ओळख झाली आणि चेन्नईहून एकाच खोक्यातून दोघांनी सेल मागवले, सोळा तिचे, सोळा याचे. तिची बॅटरी चार महिने बिनतक्रार चालली होती. वर छप्पन पॉइंट आठ, खाली अठ्ठेचाळीस, असे तिचे सरळ आकडे. बसवंतला मात्र वर पंचावन्न पॉइंट दोन हवे होते आणि खाली एक्कावन्न पॉइंट दोन. त्याच्या खाली बॅटरीनं काही म्हणजे काही द्यायचं नाही.

"काका, त्याच्या खाली चाळीस टक्के माल पडून राहते," श्वेता फोनवर म्हणाली. "तुम्ही बॅटरी वापरून नाही राहिले, नुसती सांभाळून राहिले."

बसवंत हसला, पण आकडे सोडले नाहीत. कमी भरायचं, कमी उपसायचं, मग सेल झिजत नाहीत, हे त्यानं वाचलं होतं. आणि यशवंतपूरच्या कारखान्यात आयुष्यभर पॅनेल बोर्ड दुरुस्त करताना डोळ्यांनी पाहिलंही होतं की जी वस्तू पुरी ताणली जाते तीच आधी जाते. त्याच्या हिशेबानं ही बॅटरी वीस वर्षं चालणार होती. तो त्रेसष्टचा, महानंदा साठची. वीस वर्षं म्हणजे दोघांना पुरून उरली असती. तेवढ्या काळात तिच्या डोक्यावरचा पंखा एकदाही थांबू नये, एवढीच त्याची इच्छा होती. त्यानं दोन्ही आकडे भरले आणि चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून वर कोडचं कुलूपही घातलं.

आता स्वतःच्या बायकोची इतकी तयारी करून वाट बघायला काय झालं, तर ती सव्वीस वर्षांनी घरी येत होती. तशी येऊन-जाऊन होती म्हणा. लग्न झालं तेव्हा बसवंत बंगळूरला कामाला लागलेला. दोन वर्षांत महानंदाला बेळगावकडच्या खानापूरजवळच्या एका गावात मराठी शाळेत नोकरी मिळाली. बंगळूरला बदली मागायची तर तिथं मराठी शाळा हवी, ती कुठून आणणार? दोघांनी ठरवलं की दोन-तीन वर्षं अशी काढू, मग बघू. त्या 'मग बघू'नं सव्वीस वर्षं खाल्ली. मुलगी आर्या आईजवळ वाढली, शिकली आणि पुण्याला नोकरीला गेली. बसवंत गणपतीला, दिवाळीला जायचा, महानंदा मे महिन्यात यायची. एकत्र काढलेले सगळे दिवस पुढंमागं ठेवून मोजले तर त्यांच्या संसाराची तीन वर्षंसुद्धा भरली नसती.

बाकीचा संसार फोनवर झाला. आणि गावातली वीज ही अशी, की बोलता बोलता महानंदा म्हणायची, "गेली बघा," आणि पाठोपाठ गावाबाहेरच्या टॉवरचाही जीव जायचा. फोन मुका व्हायचा. बसवंत तो तसाच कानाला धरून बसायचा. आर्याच्या तापाची, शाळेच्या गळक्या छपराची, कशाकशाची किती वाक्यं त्यानं अशी अर्धीच ऐकली होती. पुढच्या दिवशी ती ते वाक्य विसरलेली असायची आणि हाही विचारायचा नाही. म्हणून बॅटरी. तिचं वाक्य या घरात तरी अर्धं तुटू नये, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर श्वेतानं आकड्यांवरून त्याला एवढं छळलं नसतं.

मे महिन्यात महानंदा निवृत्त झाली. आता सुखाचे दिवस म्हणावेत, तर शाळा चालवणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. नवीन शिक्षक मिळत नाही, तेवीस मुलं आहेत, बाई, आणखी दोन वर्षं राहा. वीस जूनपर्यंत कळवा. महानंदानं हे फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाली की आधी पंधरा दिवस तिकडं येते, तिथूनच काय ते कळवते. बसवंतला म्हणायचं होतं की तू इथंच राहा. तोंडातून मात्र निघालं, "सरी, ठीक आहे. तुला बरं वाटेल तसं कर."

बसवंत असाच होता. बायकोवर जोर करू नये, तिनं आपल्या मनानं यावं, असं त्याला फार वाटायचं, आणि हे वाटणं इतकं सोज्वळ होतं की त्याखाली भित्रेपणा दडलाय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. जे तोंडानं सांगायचं ते त्यानं बॅटरीवर सोपवून टाकलं.

महानंदा आली. बसवनगुडीतलं वरच्या मजल्यावरचं घर तिनं पुन्हा एकदा फिरून पाहिलं, पेटी पाहिली, चौकटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली की काम सुबक झालंय. बसवंतच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण पुढचे दिवस वाटले होते तसे गेले नाहीत. दर मे महिन्यात यायची तशीच ती पाहुणीसारखी वावरायची. साखर कुठं ठेवता, हे बटण कशाचं, विळी आहे का, असं विचारून विचारून स्वयंपाक करायची, आणि स्वतःच्याच घरात तिनं विचारावं हे त्याला सुईसारखं टोचायचं. तिनं विचारायच्या आधी तो डबे पुढं करू लागला. त्यावर ती म्हणाली, असू दे हो, मी शोधते की.

बोलणंही जमेना. चौथ्या दिवशी दोघं चहा घेऊन समोरासमोर बसली आणि कप रिकामे झाले तरी कुणी बोललं नाही. फोनवर रोज तासतास बोलणारी माणसं ती. शेवटी महानंदाच हसून म्हणाली की तुम्ही फोनवर जास्त बरं बोलता. बसवंतही हसला. समोर बसलेली बाई त्याची होती, केसांत पांढरं झालेली, चष्मा कपाळावर सारून बसलेली, आणि तिची त्याला इतकी आठवण येत होती की जणू ती अजून खानापुरातच आहे.

मधेमधे शाळेतल्या एका पोरीचा फोन यायचा. बाई कधी येणार, एवढंच विचारायची. महानंदा तिला काहीबाही सांगून ठेवायची आणि मग बराच वेळ खिडकीपाशी उभी राहायची. बसवंत बघायचा आणि पेटीवरचा आकडा तपासायला उठून जायचा.

त्यात विजेनंही दावा साधला. एरवी आठवड्यात तीनदा जाणारी वीज दहा दिवस गेली म्हणून नाही. बसवंत मनातल्या मनात तिला शिव्या घालत होता. एकदा जा ना बाई, एक तासभर तरी जा. सगळी गल्ली थांबेल, आपला पंखा फिरत राहील, महानंदा वर बघेल, आणि मग काही बोलायची गरज राहणार नाही, असं त्यानं पक्कं धरून ठेवलं होतं.

वीस तारखेला सकाळी सातला कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून मोठा आवाज झाला आणि गल्ली गप्प झाली. पंखा फिरत राहिला. फ्रिजची घरघर चालू राहिली. बसवंतनं वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं आणि त्याच्या कडेवरून बायकोकडे बघितलं. महानंदानं खरंच वर बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं केलंसा." त्या दोन शब्दांवर बसवंतनं दुपारपर्यंतचा वेळ काढला.

दुपारी खालच्या मजल्यावरची पवित्राअक्का वर आली. ती इडली-दोशाचं पीठ दळून विकायची, अर्ध्या गल्लीची न्याहारी तिच्या ग्राइंडरवर चालायची. वीस किलो तांदूळ-उडीद कालपासून भिजत होते. संध्याकाळपर्यंत दळले नाहीत तर सगळं आंबून वास मारणार, उद्या सकाळी गिऱ्हाइकांना तोंड काय दाखवू? अण्णा, स्वल्प एक वायर खाली सोडा, तासदीडतासाचं काम आहे. बसवंतनं पेटीकडे बघितलं. दोन दिवस आभाळ भरलेलं, पॅनेलांतून काही येत नव्हतं, त्यात एवढी मोठी मोटर. तो फार गोड बोलला. ही घरापुरतीच केलीय अक्का, ग्राइंडरला झेपायची नाही, तुझं काम मधेच अडकेल. खरं तर झेपली असती. पवित्राअक्का बरं म्हणाली आणि जिना उतरली. महानंदा दारात उभी होती. जरा वेळानं आतल्या खोलीत जाऊन फोनवर काहीतरी लिहीत बसली.

चारच्या सुमाराला ती बाहेर आली आणि शेंगाचटणी करायला लागली. शेंगदाणे भाजून गार केले होते, तिखट-लसूण काढून ठेवलं होतं. तिनं मिक्सर सुरू केला. मिक्सर एकदाच गुरगुरला आणि थांबला. पंखा मंदावत मंदावत थांबला. फ्रिज गप्प झाला. पेटीजवळून बारीक टीं-टीं असा आवाज येऊ लागला.

"संपली?" महानंदानं विचारलं.

बसवंत पेटीपाशी जाऊन आला. मिक्सरच्या ओढीनं व्होल्ट क्षणभर खाली वाकले होते, एक्कावन्न पॉइंट एकवर, आणि इन्व्हर्टरनं सांगितल्याप्रमाणे दार लावून घेतलं होतं.

"संपली नाही," तो म्हणाला. खोटं बोलायची सवय नव्हती, दुपारचं सोडलं तर. "चाळीस टक्के आहे अजून."

"मग बंद का पडली?"

"मीच तसं लावून ठेवलंय. त्याच्या खाली द्यायचं नाही म्हणून."

महानंदानं मिक्सरचं भांडं काढून ओट्यावर ठेवलं आणि पदराला हात पुसले. वर्गात ती पुस्तकी मराठी बोलायची, घरात मात्र गावची.

"हे कुणासाठी राखून ठेवालासा?"

"तुझ्यासाठीच गे. वीस वर्षं टिकावी म्हणून."

ती खुर्चीवर बसली. रागावली असती तर बसवंतला बरं वाटलं असतं, रागाला उत्तर देता येतं. ती शांतपणे बोलत राहिली. "आर्या दुसरीत होती तेव्हा बेळगावला उद्यमबागेतल्या कंपनीत तुम्हाला नोकरी मिळत होती. आणखी पाच वर्षं थांबू म्हणालासा. तीन वर्षांमागं रिटायर झालासा तेव्हा वाटलं, आता तरी याल. तर कारखान्यानं थोडं थांबा म्हटलं आणि तुम्ही थांबलासा, मी येणारच आहे म्हणून. दर खेपेला पुढच्यासाठी ठेवलंसा. मी आजची आहे हो. आज साठ वर्षांची आहे आणि आज इथं बसलेय."

आपण आयुष्यभर सांभाळलं म्हणजे प्रेम केलं, असं बसवंत धरून चालला होता, आणि सांभाळलेलं सगळं जसंच्या तसं पेटीत पडून होतं. तो उठला, पेटीसमोर मांडी घालून बसला, कोडचं कुलूप काढलं. खालचा आकडा एक्कावन्न पॉइंट दोन होता. बटण दाबत दाबत त्यानं तो अठ्ठेचाळीसवर आणला. मग वरचाही छप्पन पॉइंट आठ करून टाकला. इन्व्हर्टरनं दोन-तीन क्षण घेतले, आत काहीतरी खट् झालं आणि पंखा फिरू लागला.

त्यानं जिन्यात जाऊन पवित्राअक्काला हाक मारली. खिडकीतून जाड वायर खाली सोडली. ग्राइंडर सुरू झाला तसा आकडा भराभर उतरला आणि पन्नासच्या आसपास जाऊन रेंगाळला. बसवंत एरवी त्या आकड्यावरून नजर हलवू शकला नसता. आज तो उठून गॅलरीत गेला. महानंदा कठड्याला टेकून खालून येणारा ग्राइंडरच्या दगडाचा आवाज ऐकत होती. तो तिच्या शेजारी उभा राहिला. सव्वीस वर्षांत जे कधी म्हणाला नव्हता ते म्हणायला त्याला एवढं सगळं व्हावं लागलं.

"जाऊ नको," तो म्हणाला. "मला तू इथं हवी आहेस. मला नेहमीच हवी होतीस."

महानंदानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"मी दुपारी त्यांना हो म्हणून कळवलं," ती म्हणाली. "पवित्राला तुम्ही परत पाठवलंसा, त्यानंतर. दुपारपर्यंत वाट बघितली हो मी. तुम्ही एक शब्द बोलाल म्हणून दहा दिवस वाट बघितली."

मोडता आलं असतं का? आलंही असतं. पण महानंदा दिलेला शब्द मोडणारी नव्हती, आणि तेवीस पोरांना तो शब्द एव्हाना कळला होता. त्या पोरीचा संध्याकाळी पुन्हा फोन आला. या वेळी ती काही न विचारता नुसती हसत होती, तिच्या मागं आणखी कुणीकुणी हसत होतं. महानंदाही हसली आणि फोन ठेवल्यावर डोळे पुसले. खाली पीठ वेळेत दळून झालं होतं. पवित्राअक्कानं वर एक मोठा डबा पाठवला, पण त्या दिवशी दोघांनाही भूक नव्हती.

उरलेले तीन दिवस बरे गेले, हीच त्यातली वाईट गोष्ट. बोलणं सुटलं. बसवंतनं अर्ध्यात तुटलेली वाक्यं एकेक करून विचारली, आणि तिला आठवली तेवढी तिनं पुरी केली. आर्याला तापात कसले भास झाले होते ते त्याला सोळा वर्षांनी कळलं. तिला आता साखर कुठं आहे ते माहीत झालं होतं. ती चहा करायला उठली की हा नुसता बसून बघायचा. हे सगळं आपल्याकडे होतं, आपण मागितलं नाही, एवढंच त्याच्या मनात यायचं.

मंगळवारी तो तिला पोचवायला यशवंतपूरला गेला. बसवनगुडीहून मोठं स्टेशन जवळ पडतं, पण कारखान्यामुळे पहिल्यापासून त्यांची सवय यशवंतपूरची. बेळगावला जाणारी दुपारची ही नवी गाडी तिथं दोन मिनिटं थांबते आणि तिची दारं आपोआप लागतात. बसवंत बॅग घेऊन आत शिरला. वरच्या फळीवर बॅग चढवली. हँडल बाहेर येत होतं म्हणून पुन्हा उतरवून आडवी ठेवली. महानंदानं हातातली पिशवी शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवली आणि म्हणाली की पोचले की फोन करते, गोळ्या वेळेवर घ्या. डब्यात सूचना सुरू झाली, आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत. पोचवायला आलेली माणसं घाईघाईनं दाराकडे निघाली. एका म्हातारीनं नातवाचा मुका घेता घेता जवळजवळ उडीच मारली.

"उतरा आता," महानंदा म्हणाली. "दारं लागतील."

बसवंत हललाच नाही. त्यानं काही ठरवलं होतं असं म्हणाल तर तसंही नव्हतं. घरातून निघताना त्यानं पंखासुद्धा बंद केला नव्हता. फक्त पाय उचलेनात. दाराजवळ शिटीसारखा आवाज झाला, दोन्ही पाती सरकत आली आणि मिटली.

गाडी हलली तशी महानंदानं सवयीनं खिडकीकडे मान वळवून हात वर केला. सव्वीस वर्षं ती गाडी हलली की असाच हात वर करत आली होती. प्लॅटफॉर्म मागं जाऊ लागला. हमाल गेले, पाण्याची टाकी गेली, कुणाकुणाला हात हलवणारे लोक गेले. त्यांत बसवंत नव्हता. तिचा हात तसाच वर राहिला. मग तिनं सावकाश मान फिरवली. तो जागेच्या कडेला उभा होता, हाताशी पिशवी नाही, खिशात तिकीट नाही.

"आता तुमकूरपर्यंत उतरता येत नाही," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा नव्हता.

"तुमकूरला उतरायचं नाही."

"कपडे नाहीत. गोळ्या नाहीत. घराची किल्ली?"

"खिशात आहे. घरात सगळं चालूच राहिलंय."

"किती दिवस चालेल ते?"

"चालेल तेवढं चालू दे," बसवंत म्हणाला.

महानंदानं डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. पलीकडच्या रांगेतून तिकीट तपासनीस येताना दिसत होता. शेजारची जागा तुमकूरपर्यंत तरी रिकामी होती. तिनं तिच्यावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.